पायथनच्या सीटाइप्समधून सी लायब्ररी वापरताना वारंवार येणारा सेगमेंटेशन फॉल्ट : कारणे आणि निवारण

समस्येचे स्वरूप

सी भाषेतील एखादी लायब्ररी पायथनच्या सीटाइप्स मॉड्यूलमधून वापरणारा प्रोग्राम एका संगणकावर महिनोन्महिने सुरळीत चालतो आणि दुसऱ्या संगणकावर नेल्याबरोबर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (आपली नसलेली मेमरी वापरायला गेल्याची चूक) एवढेच छापून बंद पडतो. कधी लहान फाइल दिली तर काम होते आणि मोठी दिली की प्रोग्राम कोसळतो. कधी मुख्य थ्रेडमध्ये काहीच अडत नाही, पण तेच फंक्शन दुसऱ्या थ्रेडमधून कॉल केले की संपूर्ण प्रोसेस नाहीशी होते. पायथनचा नेहमीचा ट्रेसबॅक मिळत नाही, ट्राय-एक्सेप्टच्या जाळ्यात काही अडकत नाही, आणि पुन्हा चालवून पाहिले तर कित्येकदा सगळे ठीक दिसते. साहजिकच संशय लायब्ररीवर, पायथनच्या नव्या आवृत्तीवर किंवा रॅमवर जातो. या लक्षणांचा सर्वांत नेहमीचा उगम मात्र आपल्याच पायथन फाइलमध्ये असतो: कॉल केलेल्या फंक्शनचे आर्ग्युमेंट कोणत्या प्रकारचे आहेत आणि ते काय परत करते, हे सीटाइप्सला सांगायचे राहून गेलेले असते किंवा अर्धवटच सांगितलेले असते.

मूळ कारण

सी भाषेत फंक्शनचे प्रकार हेडर फाइलमध्ये लिहिलेले असतात. कंपायलर ते वाचतो, कोणते मूल्य कोणत्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागेत) आणि किती बिटांचे जाणार हे ठरवतो, आणि काम झाले की ती माहिती मागे ठेवत नाही. तयार झालेल्या शेअर्ड लायब्ररीच्या सिंबॉल टेबलमध्ये फंक्शनचे नाव आणि त्याचा पत्ता असतो. ते पूर्णांक घेते की दशांश, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करते की काहीच नाही, याची तेथे नोंद नसते. सीटाइप्स हे मॉड्यूल २००६ मध्ये, पायथन २.५ पासून, मानक लायब्ररीत आले. ते हेडर वाचत नाही, फक्त नाव शोधून पत्ता मिळवते आणि लिबएफएफआय या, सी फंक्शन कॉल करून देणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने कॉल करते. प्रकार सांगितलेले नसतील तर ते काही ठरावीक समजुतींवर चालते: परत येणारे मूल्य ३२ बिटांचा इंट आहे, पायथनचा पूर्णांक हाही इंट म्हणूनच पाठवायचा आहे, बाइट्स म्हणजे कॅर-पॉइंटर, पायथनची स्ट्रिंग म्हणजे वाइड-कॅरॅक्टर पॉइंटर, आणि नन म्हणजे नल. ३२ बिटांच्या संगणकावर पॉइंटर आणि इंट सारख्याच आकाराचे असल्याने या समजुती बऱ्याच वेळा खपून जात. ६४ बिटांच्या संगणकावर त्या खपत नाहीत, आणि जेव्हा खपतात तेव्हा केवळ योगायोगाने.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी कोणत्याही खास लायब्ररीची गरज नाही. मानक सी लायब्ररीतले स्ट्रडप पुरेसे आहे. हे फंक्शन दिलेल्या मजकुराची प्रत नव्या मेमरीत काढते आणि तिचा पत्ता परत करते. समजा तो पत्ता षोडशमान पद्धतीत ५५५५ ५५७५ ९२६० असा आहे. रेसटाइप, म्हणजे परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार, सांगितलेला नसल्यामुळे सीटाइप्स त्यातले शेवटचे ३२ बिट, म्हणजे ५५७५ ९२६० एवढेच उचलते आणि एक साधा पूर्णांक आपल्या हाती ठेवते. या ओळीवर काहीही बिघडत नाही. बिघडते ते पुढे, तो पूर्णांक लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला किंवा मेमरी मोकळी करणाऱ्या फ्रीला दिला जातो तेव्हा, कारण त्या पत्त्यावर आपल्या प्रोसेसची मेमरीच नसते. कापलेल्या तुकड्याचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर मूल्य ऋण दिसते. पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनकडून ऋण संख्या आली तर पुढची तपासणी करण्याआधीच निदान झाले असे समजायला हरकत नाही.

मग कधी कधी चालते ते का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘आमच्याकडे चालते’ या एका वाक्यामुळे ही समस्या वर्षानुवर्षे कोडमध्ये दडून राहते. लिनक्सवर काही ठिकाणचा पायथन इंटरप्रिटर स्थिर पत्त्यावर लोड होईल अशा रीतीने बांधलेला असतो. तेव्हा त्याचा हीप (मेमरीच्या मागण्या पुरवणारा साठा) प्रोग्रामच्या मागोमाग, अगदी खालच्या पत्त्यांवर येतो. पत्ता २ जीबीच्या आत असला की वरचे ३२ बिट शून्यच असतात आणि ते कापले गेले तरी काही हरवत नाही. मात्र जी-लिबसीचे (लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीचे) मॅलॉक हे मेमरी देणारे फंक्शन मूळ सेटिंगनुसार साधारण १२८ केबीपेक्षा मोठी मागणी हीपमधून न देता एमएमॅपने कर्नलकडून थेट वेगळी मेमरी घेऊन भागवते, आणि ती मेमरी फार वरच्या पत्त्यांवर असते. लहान फाइलवर चालणारा प्रोग्राम मोठ्या फाइलवर कोसळतो तो या कारणाने. थ्रेडचेही तसेच आहे: मुख्य थ्रेडखेरीज इतर थ्रेडना मॅलॉक सहसा स्वतंत्र अरीना (मेमरीचा वेगळा साठा) देते, आणि या अरीनाही एमएमॅपच्या मेमरीतच उभ्या राहतात. याउलट, पायथन कोणत्याही पत्त्यावर लोड होऊ शकेल असा बांधलेला असेल तर लहान मागणीचा पत्ताही वरचाच निघतो आणि फॉल्ट लगेच येतो. ६४ बिटांच्या मॅकओएसवर तर प्रत्येक प्रोसेसचे पहिले ४ जीबी पत्ते मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात, त्यामुळे तेथे पत्ता कापला जाणे अटळ आहे. म्हणून लिनक्सवर ‘स्थिर’ असलेला कोड सहकाऱ्याच्या मॅकवर पहिल्याच वेळी कोसळला, तर मॅकला दोष न देता त्याचे आभार मानावेत.

खात्री कशी करावी

सर्वप्रथम फॉल्टहँडलर सुरू करावा. पायथन ३.३ पासून तो सोबतच येतो आणि पायथनच्या कमांडला मोठ्या लिपीतला एक्स हा पर्याय व त्यापुढे फॉल्टहँडलर हे नाव दिले की प्रोसेस मरण्यापूर्वी पायथनच्या कोणत्या ओळीवर काम चालू होते ते छापले जाते. ती ओळ गुन्हेगाराची असेलच असे नाही. ती बहुधा त्या फंक्शनची असते ज्याला कापलेला पत्ता मिळाला. तो पत्ता कोणत्या फंक्शनकडून आला हे तिथून मागे जात शोधायचे असते.

दुसरा पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये मिळतो. लिनक्सवर डीमेसेजच्या आउटपुटमध्ये प्रोसेसच्या नावापुढे सेगफॉल्ट कोणत्या पत्त्यावर झाला ते लिहिलेले असते. वरच्या उदाहरणात तेथे ५५७५९२६० असा आठच अंकांचा पत्ता दिसेल. कोसळलेले फंक्शन फ्री असेल तर त्याच्या थोडा अलीकडचा दिसेल, कारण फ्री त्या तुकड्याच्या आकाराची नोंद वाचण्यासाठी आधी मागे पाहते. पत्ता आठ अंकांचा असणे किंवा त्याचा वरचा निम्मा भाग सगळे बिट १ असलेला असणे, या दोन्ही खुणा पॉइंटर कापला गेल्याच्या आहेत. विंडोजवर सीटाइप्स बहुतेक वेळा असा फॉल्ट पकडून ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ असे सांगणारी ओएसएरर देते आणि त्या संदेशातही पत्ता असतो. त्याकडे न पाहता संदेश बंद करण्याची सवय मात्र बरीच प्रचलित आहे.

जीडीबी या डीबगरखाली चालवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिनक्सवर जीडीबी पत्त्यांची यादृच्छिक मांडणी आपणहून बंद करतो, त्यामुळे अधूनमधून येणारा फॉल्ट तेथे दर वेळी सारखाच येतो किंवा कधीच येत नाही. दुसऱ्या प्रसंगी ‘डीबगरमध्ये तर चालते’ या निष्कर्षावर थांबू नये.

निवारण, आणि अर्ध्या निवारणाचा सापळा

उपाय एका वाक्यात सांगता येतो: लायब्ररी लोड केल्यानंतर आणि कोणतेही फंक्शन कॉल करण्यापूर्वी, वापरायच्या प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप हेडरशी ताडून लिहावेत. आर्गटाइप्स ही आर्ग्युमेंटच्या प्रकारांची यादी असते, रेसटाइप एकच प्रकार असतो, आणि फंक्शन काही परत करत नसेल तर रेसटाइप म्हणून नन द्यावे.

प्रत्यक्षात बहुतेक जण निम्माच उपाय करतात आणि समस्या परत येते ती तेथूनच. शोध घेतल्यावर उत्तर सापडते की स्ट्रडपचा रेसटाइप सी-व्हॉइड-पी (कोणत्याही प्रकारचा पॉइंटर) करा. ते केले जाते, पत्ता आता पूर्ण बारा अंकी छापला जातो, आणि तरीही पुढच्याच ओळीवर फॉल्ट येतो. याचे कारण असे की रेसटाइप म्हणून सी-व्हॉइड-पी दिल्यावर सीटाइप्स त्या प्रकारची वस्तू परत न देता पायथनचा साधा पूर्णांक देते. हा पूर्णांक ज्या दुसऱ्या फंक्शनला दिला त्याचे आर्गटाइप्स लिहिलेले नसतील, तर तो पुन्हा इंट समजला जातो आणि आत जाताना कापला जातो. येताना वाचवलेला पत्ता जाताना हरवतो. विंडोजवर याच जागी ‘इंट टू लाँग टू कन्व्हर्ट’ अशी स्पष्ट चूक दाखवली जाते, कारण तेथे सीचा लाँग ३२ बिटांचाच आहे. लिनक्सवर आणि मॅकवर तो ६४ बिटांचा असल्याने रूपांतर गुपचूप पार पडते. येथे विंडोजचे वागणे अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

ज्या लायब्ररीत ‘उघडा’ या फंक्शनकडून एक हँडल (उघडलेल्या वस्तूची ओळखखूण) मिळते आणि तेच पुढे प्रत्येक फंक्शनला द्यायचे असते, तेथे आणखी एक पाऊल पुढे जावे. सी-व्हॉइड-पी पासून स्वतःच्या नावाचा एक उपवर्ग काढावा आणि तो रेसटाइप व आर्गटाइप्स या दोन्ही ठिकाणी वापरावा. उपवर्गाच्या बाबतीत सीटाइप्स पूर्णांकात आपोआप रूपांतर करत नाही, त्यामुळे हँडल हे हँडलच राहते, आणि भलत्याच प्रकारचे हँडल दिले तर पायथनची ओळखीची चूक समोर येते. सीमध्ये कंपायलर जी पहारेदारी करतो तिचा काही भाग अशा रीतीने पायथनमध्ये परत आणता येतो.

दोन किरकोळ भासणाऱ्या गोष्टी येथेच नोंदवतो. आर्गटाइप्सऐवजी शेवटचा ‘एस’ गाळून आर्गटाइप लिहिले तर सीटाइप्स तक्रार करत नाही. फंक्शनच्या वस्तूवर त्या नावाचे एक निरुपयोगी ॲट्रिब्यूट तयार होते आणि आपण घोषणा केली असा समज कायम राहतो. तसेच चौकटी कंसात नाव देऊन फंक्शन मिळवले तर दर वेळी नवी वस्तू मिळते आणि आधी लिहिलेले प्रकार तिच्यावर नसतात. टिंब देऊन मिळवलेले फंक्शन मात्र लायब्ररीच्या वस्तूवर जपून ठेवले जाते.

याच कुळातील इतर लक्षणे

फॉल्ट न येता चुकीचे उत्तर येणे हे अधिक घातक. गणिताच्या लायब्ररीतल्या स्क्वेअर-रूट फंक्शनला काहीही न सांगता पूर्णांक २ दिला, तर तो पूर्णांकांच्या रजिस्टरमध्ये जातो. फंक्शन दशांशांच्या रजिस्टरमध्ये आधीपासून जे काही पडले असेल त्याचे वर्गमूळ काढते, उत्तरही तेथेच ठेवते, आणि पायथन भलत्याच रजिस्टरमधले मूल्य उत्तर म्हणून वाचतो. २.० दिले असते तर सीटाइप्सने दशांश कसा पाठवायचा ते माहीत नाही असे सांगून नकार दिला असता. आर्गटाइप्समध्ये सी-डबल लिहिले की २ आणि २.० दोन्ही चालतात. बूल परत करणाऱ्या फंक्शनचेही असेच: ते एकाच बाइटची हमी देते, वरच्या बिटांत काहीही असू शकते, आणि इंट म्हणून वाचल्यावर ‘असत्य’ हे शून्येतर दिसू शकते. कंपायलरचे ऑप्टिमायझेशन बदलले की असा कोड अचानक उलटे निर्णय घेऊ लागतो.

मजकुराच्या बाबतीत मराठी वापरणाऱ्यांना एक सोयीची चाचणी उपलब्ध आहे. ‘नमस्कार’ ही पायथनची स्ट्रिंग तशीच्या तशी स्ट्रलेनला द्यावी. लिनक्सवर उत्तर २ येते, विंडोजवर १४ येते, आणि तीच स्ट्रिंग आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून बाइट्स म्हणून दिली तर दोन्हीकडे २१. कारण असे की स्ट्रिंग वाइड-कॅरॅक्टर म्हणून जाते आणि लिनक्सवर एक वाइड-कॅरॅक्टर ४ बाइटांचे असते. ‘न’चे पहिले दोन बाइट संपताच शून्य बाइट लागतो आणि स्ट्रलेन तेथे थांबते. विंडोजवर ते २ बाइटांचे असल्याने आणि या शब्दातील सातही कोडपॉइंटमध्ये शून्य बाइट नसल्याने शब्दाच्या शेवटापर्यंत मोजणी होते. रोमन लिपीतला शब्द दिला तर पहिल्याच अक्षरानंतर शून्य बाइट येतो आणि उत्तर १ मिळते. ‘लायब्ररी फक्त पहिले अक्षर घेते’ या सतत ऐकू येणाऱ्या तक्रारीचा उगम हाच. आर्गटाइप्समध्ये सी-कॅर-पी (कॅर-पॉइंटर) लिहिल्यास स्ट्रिंग देताच चूक दाखवली जाते आणि एन्कोड करण्याची आठवण आपोआप होते.

परत येणाऱ्या मजकुरासाठी मात्र सी-कॅर-पी विचारपूर्वक वापरावे. तो रेसटाइप दिला की सीटाइप्स मजकुराची बाइट्समध्ये प्रत करून देते आणि मूळ पत्ता टाकून देते. लायब्ररीने मेमरी आपल्याला मोकळी करायला सांगितली असेल, तर मोकळे करायला काही हाती उरत नाही आणि सर्व्हरवर दिवसागणिक मेमरी वाढत जाते. अशा ठिकाणी सी-व्हॉइड-पी घ्यावे, स्ट्रिंग-ॲट या फंक्शनने मजकूर वाचावा आणि मग त्याच लायब्ररीने दिलेले मोकळे करण्याचे फंक्शन कॉल करावे. भलत्याच लायब्ररीचे फ्री वापरणे, विशेषतः विंडोजवर, ही स्वतंत्र आपत्ती आहे.

कॉलबॅकमुळे, म्हणजे लायब्ररीने उलट कॉल करावे म्हणून तिला दिलेल्या पायथन फंक्शनमुळे, येणारा फॉल्ट वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा ओळखू येतो: पहिले काही कॉल व्यवस्थित होतात आणि मग केव्हातरी प्रोसेस कोसळते. सी-फंकटाइपने तयार केलेली कॉलबॅकची वस्तू थेट आर्ग्युमेंटच्या जागी लिहिली असेल, तर कॉल संपल्यावर पायथनच्या लेखी तिचा कोणी धनी उरत नाही आणि ती नष्ट होते. लायब्ररीने मात्र तिचा पत्ता जपून ठेवलेला असतो. क्रम लावणारे क्यूसॉर्टसारखे फंक्शन कॉलबॅक तिथल्या तिथे वापरून मोकळे होते, म्हणून पाठ्य उदाहरणात हे कधी दिसत नाही. लॉगिंगसाठी किंवा घटनांसाठी नोंदवलेला कॉलबॅक असेल तर ती वस्तू मॉड्यूलच्या पातळीवरील नावाला किंवा ऑब्जेक्टच्या ॲट्रिब्यूटला बांधून ठेवावी आणि नोंदणी रद्द होईपर्यंत सोडू नये. कॉलबॅकच्या आत उठलेली पायथनची चूक सीपर्यंत पोहोचत नाही, ती केवळ छापली जाते. त्यामुळे कॉलबॅकचा संपूर्ण मजकूर ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवणे इष्ट.

प्रिंटएफसारख्या अनिश्चित संख्येने आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनबाबत ॲपलच्या एआरएम प्रोसेसरवर विशेष काळजी घ्यावी लागते. तेथे ही अनिश्चित आर्ग्युमेंट नेहमीच्या आर्ग्युमेंटपेक्षा वेगळ्या पद्धतीने पाठवली जातात, म्हणून निदान सुरुवातीच्या ठरावीक आर्ग्युमेंटचे आर्गटाइप्स द्यावेच लागतात; त्यावरून सीटाइप्सला पुढची कोणती ते कळते.

आकारांच्या बाबतीत नियम सोपा आहे: हेडरमध्ये साइज-टी असेल तेथे सी-साइज-टी लिहावे, लाँग असेल तेथे सी-लाँग, आणि एका संगणकावर आकार सारखा आहे म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरू नये. स्ट्रक्चरची फील्डे हेडरमधल्याच क्रमाने आणि प्रकाराने उतरवावीत, आणि साइज-ऑफने मिळालेला आकार एका छोट्या सी प्रोग्रामने छापलेल्या आकाराशी ताडून पाहावा; लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत मध्येच एक फील्ड वाढले असेल तर ते येथे चटकन उघडे पडते.

घोषणा असूनही समस्या टिकली तर

असे झाल्यास दोन मॉड्यूल एकमेकांच्या घोषणा पुसत आहेत का ते पाहावे. सीडीएलएल या तयार वस्तूवर टिंब देऊन लायब्ररी मिळवली, किंवा विंडोजवर विनडीएलएलमधून कर्नल३२ घेतली, तर ती वस्तू संपूर्ण प्रोसेसमध्ये सामायिक असते. आपण एका फंक्शनला लिहिलेले आर्गटाइप्स दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजने नंतर बदलले, तर आपला कोड जसाच्या तसा असूनही बिघडतो, आणि इम्पोर्टचा क्रम बदलला की सुधारतो. प्रत्येक मॉड्यूलने सीडीएलएल किंवा विनडीएलएल या वर्गाला लायब्ररीचे नाव देऊन आपली स्वतंत्र वस्तू तयार केली की हा प्रश्न उरत नाही.

कॉल होणाऱ्या फंक्शनची संख्या चाळीस-पन्नासच्या पुढे जात असेल, किंवा लायब्ररीचे हेडर वारंवार बदलत असेल, तर माझ्या मते सीटाइप्सचा हट्ट सोडावा. सीएफएफआय या पायथनच्या पर्यायी लायब्ररीत सीच्या घोषणा सीच्याच भाषेत लिहिता येतात, त्यामुळे हेडरमधून उतरवताना होणाऱ्या चुका कमी होतात. त्याच्याही दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे: एबीआय पद्धतीत आपण लिहिलेल्या घोषणेवर सीटाइप्सइतकाच आंधळा विश्वास ठेवला जातो, तर एपीआय पद्धतीत खरा सी कंपायलर खऱ्या हेडरसोबत तो कोड बांधतो आणि घोषणा जुळत नसेल तर बांधणीच्या वेळीच अडवतो. बांधणीसाठी कंपायलर लागणे हा या पद्धतीचा खर्च; जेथे वापरकर्त्याच्या संगणकावर कंपायलर नसतो तेथे आधीच बांधलेले व्हील (पायथनचे तयार पॅकेज) द्यावे लागते.